ट्रामोरची रिंग आणि आपला घाट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत गावभागात राहतो, एसटीत बत्तीस वर्षं काढली, आधी कंडक्टर आणि शेवटची काही वर्षं कंट्रोलर. लिहायची सवय म्हणाल तर तक्रारवहीच्या खाली "चौकशी केली, समज दिली" एवढीच. तरी हे पत्र लिहितोय कारण बुडणाऱ्याला फेकायच्या एका रिंगेनं गेले चार महिने माझं डोकं खाल्लंय आणि घरात आता कुणी ऐकून घेत नाही.

आमची मुलगी नर्स आहे, मिरजेत शिकली, आता आयर्लंडमध्ये वॉटरफर्डला हॉस्पिटलात असते. जावईपण तिथंच कंपनीत. नातू झाला म्हणून आम्ही दोघं जूनमध्ये गेलो. वॉटरफर्ड म्हणजे तिथलं सगळ्यात जुनं शहर, 914 साली व्हायकिंग लोकांनी वसवलेलं, आणि तिथनं बारा-तेरा किलोमीटरवर समुद्राकाठी ट्रामोर म्हणून गाव आहे, म्हणजे सांगली-मिरजेपेक्षा जरासं जास्तच अंतर. एका रविवारी पोरगी म्हणाली, बाबा आज ऊन पडलंय, आज ट्रामोरला जायचं, परत ऊन कधी पडेल सांगता येत नाही. तापमान बघितलं तर 17 डिग्री. मी स्वेटर घातला, वर जर्किन घातलं, आणि तिथं पोचल्यावर बघतो तर सगळं गाव उघड्या अंगानं वाळूत पडलेलं.

पण आधी बसचं सांगतो कारण माझा तो विषय आहे. बस वेळेत सुटली, चार मिनिटं उशिरा पोचली, तेवढं चालतं. पण उतरताना एकूण एक माणूस, म्हातारीकोतारी, शाळेची पोरं, कानात वायरी घातलेली तरणी पोरं सुद्धा, ड्रायव्हरला थँक्यू म्हणून उतरतात. मला वाटलं ओळखीतले असतील. पोरगी म्हणाली नाही बाबा इथं सगळेच म्हणतात. बत्तीस वर्षांत मला उतरणाऱ्या माणसाकडनं जे ऐकायला मिळालं ते बहुतेक सुट्ट्या पैशांवरनं होतं, त्यामुळं मी पण उतरताना मोठ्यांदा थँक्यू म्हटलं आणि ड्रायव्हर हसला. पूर्वी तिथं रेल्वे होती, 1853 ला सुरू झाली आणि 1960 च्या शेवटी बंद झाली, आणि गंमत म्हणजे ती लाईन दुसऱ्या कुठल्याच लाईनला जोडलेली नव्हती, वॉटरफर्ड ते ट्रामोर आणि ट्रामोर ते वॉटरफर्ड बस्स, नुसती लोकांना समुद्रावर सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. त्या रेल्वेनंच गावाला सुट्टीचं गाव केलं.

गाव तसं लहान, अकरा हजारांच्या आसपास वस्ती, चढावर वसलेलं, आणि खाली पाच किलोमीटर सरळ वाळूचा किनारा. ट्रामोर या नावाचा अर्थच आयरिश भाषेत मोठा किनारा असा आहे. (तिथं रस्त्यावरच्या पाट्यांवर आधी आयरिश आणि खाली इंग्रजी असतं, बोलणारे सगळे इंग्रजीच बोलतात, तरी पाटीवर मान आपल्या भाषेला आधी. असो, तो विषय वेगळा.) किनाऱ्याला लागून लांबलचक चालायची फरसबंदी वाट, तिच्यामागं पाळणे, धडकगाड्या, फिरती चक्रं, नाणी ढकलायची मशिनं, गाणी, पोरांची रडारड. मिरजेचा उरूस उचलून समुद्राकाठी नेऊन ठेवला तर कसा दिसेल तसं. आमच्या हिनं त्या नाण्याच्या मशिनपुढं सहा युरो घालवले आणि एक किचेन जिंकली, ती आता घरच्या कपाटाला लावलीय आणि येईल त्याला दाखवते.

खायचं पण सांगतो. वॉटरफर्डचा एक पाव असतो, ब्ला म्हणतात त्याला, चौकोनी गोल असा, मऊ, वरनं पांढरं पीठ भुरभुरलेलं. त्याला 2013 ला युरोपचा दर्जा मिळालाय, म्हणजे त्या भागात केलेला तोच ब्ला, आपल्या सांगलीच्या हळदीला 2018 ला जीआय मिळालं ना तसलाच प्रकार. तर त्या ब्लामध्ये बटाट्याच्या जाड चिप्स घालून खातात. हिनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, अहो हा वडापावच आहे, फक्त ह्यांना वडा करायचा माहीत नाही. मग पिशवीतनं भडंग काढला आणि चिप्सवर टाकला, खरं सांगतो चव आली. तेवढ्यात एक सीगल आला, कोंबडीपेक्षा मोठा पक्षी, आणि हिच्या हातातला अर्धा ब्ला घेऊन गेला. शेजारच्या बाकावरची एक आजीबाई एवढी हसली की तिनं आम्हाला स्वतःजवळच्या चिप्स दिल्या, वर व्हिनेगर ओतलेलं, ते काय मला रुचलं नाही पण नाही म्हणवेना.

आता मुद्द्यावर येतो, तो ह्या मजेच्या मधेच आहे.

किनाऱ्याच्या पश्चिमेला एक टोक आहे समुद्रात घुसलेलं, न्यूटाऊन हेड म्हणतात, त्यावर तीन उंच पांढरे खांब आणि मधल्या खांबावर लोखंडी माणूस. चौदा फुटी पुतळा, जुन्या काळच्या खलाशाचे कपडे, निळा-लाल कोट आणि पांढरी विजार, हात समुद्राकडं केलेला. मेटल मॅन म्हणतात. जवळ जायची वाट बंद आहे, लांबनंच बघायचा. पोरगी म्हणाली की पूर्वी पोरी त्या खांबाभोवती अनवाणी लंगडी घालत तीन फेऱ्या मारायच्या, म्हणजे वर्षाच्या आत लग्न जमतं म्हणे. हिनं लगेच भाचीचं नाव काढलं.

पण तो लोखंडी माणूस तिथं लग्न जमवायला उभा नाही. 30 जानेवारी 1816 ला सी हॉर्स नावाचं जहाज त्या खाडीत फुटलं. नेपोलियनशी लढाया संपवून परत येणारे सैनिक होते त्यात, त्यांच्या बायका होत्या, पोरं होती. वादळ सुटलेलं, जहाजावर तो किनारा ओळखणारा जो अधिकारी होता तो आधीच डोलकाठीवरनं पडून मेलेला, शेजारच्या वॉटरफर्ड बंदरात शिरायचं होतं पण टोक ओलांडता आलं नाही आणि जहाज ट्रामोरच्या खाडीत ढकललं गेलं. साडेतीनशेच्या वर माणसं गेली, वाचले तीसेक. किनारा डोळ्यासमोर दिसत असताना.

मग 1823 ला हे खांब उभे केले. या टोकावर तीन, खाडीच्या पलीकडच्या टोकावर दोन, आणि त्याच्याही पलीकडं बंदराच्या तोंडाशी हूकचा दीपस्तंभ आहे, तो आठशे वर्षांचा, तो एकटाच. म्हणजे अडाणी खलाशाला सुद्धा समजावं असा हिशोब, एक मनोरा दिसला तर बंदर आहे, ये, दोन किंवा तीन दिसले तर लांब राहा बाबा, इथं मरण आहे. मी एसटीतला माणूस, मला हा हिशोब फार आवडला. घाटातल्या वळणावर पाटी लावतो आपण, तशी समुद्राला लावलेली पाटी.

त्या टोकाच्या अलीकडं खडकात पोहायची एक जागा आहे, गिलमीन म्हणतात. पायऱ्या, कठडे, खाली हिरवंगार खोल पाणी. तिथं एक जुना बोर्ड अजून ठेवलाय, "फक्त पुरुषांसाठी" असा, आणि त्याच बोर्डाखालनं साठी-सत्तरीच्या बायका धडाधड उड्या मारत होत्या. पाणी किती गार म्हणता, मी पाय बुडवला आणि पोटरीपर्यंत बधिर झालो. ही बघत बसली बराच वेळ आणि म्हणाली आपल्याकडं असला बोर्ड कुठं नाही, तरी घाटावर बायका धुणंच धुतात. मी काय बोललो नाही.

तिथं त्या पायऱ्यांच्या डोक्यावर एक खांब होता, त्यावर एक मोठी रिंग टांगलेली, दोरी गुंडाळून. नंतर बघायला लागलो तर किनाऱ्यावर पण थोड्या थोड्या अंतरावर तसलीच. कुलूप नाही, साखळी नाही, राखायला माणूस नाही. कुणी बुडताना दिसला की ज्याला दिसला त्यानं ती काढायची आणि फेकायची, पोहता येत असो की नसो. वर एक वाक्य लिहिलेलं असतं, ते मी पोरीकडनं नीट समजून घेतलं, चोरलेली रिंग म्हणजे चोरलेला जीव. तिथं वॉटर सेफ्टी म्हणून सरकारी संस्थाच आहे ती हे सगळं बघते. म्हणजे बघा, रिंगा तिथं पण चोरीला जातात, नायतर असं लिहायची वेळ कशाला आली असती. तरी लावतात.

बाकी पण व्यवस्था आहे. सीझनमध्ये लाईफगार्ड असतात, लाल-पिवळे दोन झेंडे रोवतात, त्यांच्या मधेच पोहायचं, आणि नुसता लाल झेंडा लागला की कुणीच उतरायचं नाही, आणि खरंच कुणी उतरत नाही. किनारा वरनं कितीही शांत दिसला तरी पाण्याला आतनं ओढ असते. 1964 पासून तिथं जीवरक्षक बोट पण आहे, ती चालवणारी संस्था 1824 ची, मुख्यतः लोकांच्या देणग्यांवर चालते, आणि बोटीवर जाणारी बहुतेक गावातलीच माणसं, पगार नाही, कोण प्लंबर कोण मास्तर, बोलावणं आलं की हातातलं टाकून पळायचं. हे सगळं आपल्याला उद्या जमणार नाही हे मला कळतं. झेंडे, बोटी, पगारी गार्ड हे मी मागतच नाहीये. मी फक्त रिंग मागतोय.

का मागतोय ते सांगतो. आम्ही सगळे गावभागातले कृष्णेत पोहायला शिकलो, पाठीला डबा बांधून, नंतर ट्रकच्या ट्यूबवर. सहावी-सातवीत असताना आमच्या वर्गातला एक पोरगा आमच्यासमोर गेला. एप्रिल महिना, पाणी कमी, पण वाळू काढल्यामुळं मधेच खड्डे पडलेले, चालता चालता पाय गेला. काठावर पंधरा-वीस माणसं होती. एका आजोबांनी कमरेचं धोतर सोडून फेकलं. दोन हात कमी पडलं. परत गोळा करून फेकलं, ओलं झाल्यावर ते लांब जाईचना. दोघांनी उड्या मारल्या पण तोवर तो दिसायचा बंद झाला होता. मी आता बासष्टचा आहे, मला त्या पोराचा चेहरा नीट आठवत नाही, पण ते धोतर पाण्यावर पसरलेलं आठवतं, आणि त्या गिलमीनच्या पायऱ्यांवर ती दोरीची रिंग बघितली तेव्हा मला ते धोतरच दिसलं. हिला वाटलं थंडीनं डोळ्यातनं पाणी येतंय.

आपल्या आयर्विन पुलाखाली पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 ला धोका, हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. 2005, 2019, 2021, तीन पूर आम्ही बघितले, दर वेळी त्या फुटांवर डोळे लावून बसलो, फोनवर दर तासाला आकडा येतो. म्हणजे पाणी किती आलं ते सांगायला खांब आहे, पण त्या पाण्यात पडलेल्या माणसाला ओढून काढायला त्याच खांबाशेजारी वीस मीटर दोरी नाही. 2019 ला ब्रह्मनाळला पुरातनं माणसं बाहेर काढताना बोट उलटली, काठ दिसत असताना माणसं गेली, बायका-पोरं गेली. दोनशे वर्षांपूर्वीच्या सी हॉर्सची गोष्ट पोरगी सांगत होती तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडं बघत होतो, दोघांच्या मनात ब्रह्मनाळच होतं. त्यांनी सात वर्षांनी खांब उभे केले. आपण काय केलं, तर पुराच्या वेळी बोटी येतात, जॅकेट येतात, चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण पूर नसतो तेव्हाच्या दहा महिन्यांत घाटावर काय आहे? "येथे पोहण्यास मनाई आहे" अशी पाटी, ती पण गंजलेली, आणि तिच्यावर वाढदिवसाचा फ्लेक्स.

आणि दर उन्हाळ्यात तुमच्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळी असतात, पोहायला गेलेला मुलगा बुडाला. सांगलीचा असतो, कधी हरिपूरच्या संगमावरचा, कधी वाईचा, कधी माहुलीचा. जवळजवळ प्रत्येक बातमीत पुढची ओळ असते की मित्रांनी आरडाओरडा केला. आरडाओरडा केला कारण दुसरं करण्यासारखं हाताशी काय नव्हतं. किती वेळा तर वाचवायला उडी मारलेला दुसरा पण जातो. तिथं हेच शिकवतात शाळेपासून, पाण्यात उतरू नका, काठावरनं काहीतरी द्या नायतर फेका, आणि फोन करा. 112 नंबर तिथं पण आहे, आपल्याकडं पण आहे, नंबर तर सारखाच आहे.

आल्यावर मी हे चार लोकांना बोललो. पहिलं उत्तर, आण्णा, दुसऱ्या दिवशी चोरीला जाईल. जाईल. लोखंडी जाळ्या जातात तिथं रिंग काय. पण एक रिंग मी मिरजेत चौकशी केली तर दोन-तीन हजारांत मिळते, चार वेळा चोरीला गेली तरी एका फ्लेक्सच्या खर्चात बसते. दुसरं उत्तर, पुरात वाहून जाईल. तर पाणी चढायला लागलं की काढून ठेवायची, घाटावर होडीवाले आहेत, गणपतीची मंडळं आहेत, होड्यांच्या शर्यती खेळणारी पोरं आहेत, त्यांच्याएवढं पाणी कुणाला कळतं, एकेका घाटाची एकेकानं घ्यावी. तिसरं उत्तर एका शहाण्यानं दिलं की कृष्णेत मगरी आहेत, त्यांना काय रिंग फेकणार काय. मगरी आहेत हे खरं आहे, डिग्रज-भिलवडीकडं लोकांना चांगलंच माहीत आहे, पण म्हणून पाण्यात पडलेल्याला तसंच सोडायचं असं तर कुणी म्हणत नाही ना.

चौथं उत्तर एका ऑफिसात मिळालं. कुठलं ते लिहीत नाही, कारण तिथला माणूस चांगला होता, चहा पण पाजला. म्हणाला घाट एकाकडं, नदी दुसऱ्याकडं, आपत्ती तिसऱ्याकडं, तुम्ही अर्ज तिन्हीकडं द्या. मी तिन्हीकडं दिला. पोच घेतली आहे, एसटीतली सवय.

आमच्या नातवाला आता पाय फुटलेत, पोरगी पुढच्या मे महिन्यात त्याला घेऊन इकडं येणार आहे. ती आधीच फोनवर म्हणाली, बाबा ह्याला घाटावर न्यायचं हं, तुम्ही मला नेत होता तसं. तर अर्जाची वाट बघत न बसता मी एक रिंग विकत आणली आहे, पंचवीस मीटर दोरी वेगळी घेतली आणि स्वतः बांधली, बोटीवाल्याकडनं गाठ नीट बघून घेतली. ती सध्या आमच्या पडवीत खिळ्याला टांगलेली आहे, येणारे जाणारे विचारतात हे काय आणलंय. घाटावर ती नेमकी कुठल्या खांबाला लावली तर कुणाची हरकत येणार नाही, एवढं ज्याच्या अखत्यारीत असेल त्यानं आपल्या पेपरातनं कळवावं. हातोडा आणि खिळे माझे.

आपला,
एक निवृत्त एसटी कंट्रोलर
गावभाग, सांगली